लग्नाच्या दिवशी काहीच वाटलं नाही, म्हणजे लग्न चुकलं का?

उन्हाळ्यात लग्न झालेल्या मुली दसरा-दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे समुपदेशनाला एक काळजी घेऊन येतात. "सगळे म्हणतात, लग्नाचा दिवस आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस. मला तर त्या दिवशी काहीच वाटलं नाही. मग माझं लग्नच चुकलं का?" नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न याच दिवसांत का येतो, ते एका मुलीच्या निमित्ताने सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नाशिक शहरात वाढलेली, बी.कॉम. झालेली. सासर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागायतदाराचं. लग्न मे महिन्यात झालं. द्राक्षाच्या घरात लग्नं बहुधा तेव्हाच होतात, कारण माल उतरलेला असतो, हातात पैसा आलेला असतो आणि माल उतरल्यानंतरची खरड छाटणीही उरकलेली असते. पावसाळा नवलाईत गेला. दसऱ्याला घरात कात्र्या-सिकेटरांची पूजा झाली, आपट्याची पानं वाटली गेली आणि दुसऱ्या दिवशी पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी बागेत उतरली. गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, सुरू झाली.

ज्यांनी हा हंगाम घरात राहून पाहिला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. छाटलेल्या काडीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायची. पोंगे, म्हणजे कोवळे कोंब, फुटले की आभाळाकडे बघत बसायचं, कारण त्या दिवसांत पाऊस झाला की डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती. नवरा पहाटे ब्लोअर घेऊन फवारणीला जायचा, रात्री औषधाच्या वासासकट घरी यायचा आणि ताटावरच पेंगायचा. सासूबाई अंगणात सोयाबीन वाळवत असायच्या. नव्या सुनेला कामं होती, पण बोलायला कुणी नव्हतं.

मग ती रात्री मोबाइलवर लग्नाचा व्हिडिओ लावायची. पुन्हा पुन्हा.

"मॅडम, त्यात मी हसतेय," ती म्हणाली. "पण ते हसणं मला आठवतच नाही. सप्तपदी तर अजिबात आठवत नाही. दुसऱ्याच कुणाचं लग्न बघतेय असं वाटतं."

मी तिला म्हटलं, व्हिडिओ बाजूला ठेव आणि तुला स्वतःला जे आठवतं तेच सांग, कितीही बारीक असू दे.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या. सकाळपासून उपास होता, त्यामुळे पोटात कालवत होतं. एक अक्षत डोळ्याच्या कोपऱ्यात गेली होती, पण दोन्ही हातांत हार होता म्हणून काढता आली नाही. आणि अंतरपाट धरल्यावर ती आईला शोधत होती. आई मांडवात नव्हती. रीतीप्रमाणे तिला मंगलाष्टकांच्या वेळी तुळशीला पाणी घालायला नेलं होतं. "शेवटचं 'सावधान' झालं तेव्हा मी नवऱ्याकडे नाही, दाराकडे बघत होते," असं म्हणताना ती रडायला लागली. पाठवणीच्या वेळी तिला रडता आलं नव्हतं. फोटोग्राफर समोर होता, मेकअप होता आणि मामी कानात सांगत होती, "आता रडू नकोस, सगळे बघताहेत."

काहीच वाटलं नाही म्हणणाऱ्या मुलीला इतकं सगळं वाटलेलं होतं. फक्त त्यात आनंद कमी होता, आणि त्यासाठी दोष देण्यासारखं काही नव्हतं. झोप झालेली नाही, पोट रिकामं, शेकडो माणसांच्या नजरा अंगावर. अशा ताणात माणसाचं लक्ष आक्रसतं. एखादी टोचणारी गोष्ट पक्की लक्षात राहते आणि बाकीचं नीट नोंदलंच जात नाही. जे नोंदलंच गेलं नाही, ते व्हिडिओ कितीही वेळा पाहिला तरी आठवणार कुठून?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मन खिन्न असलं की जुन्यातल्या खिन्न आठवणीच आधी वर येतात. जून-जुलैत हिला हा प्रश्न पडला नव्हता, तो छाटणी सुरू झाल्यावर पडला. एकटेपणा आजचा होता आणि ती त्याचं कारण मे महिन्यातल्या दिवसात शोधत होती. म्हणून अशा वेळी मी लग्नाच्या दिवसापेक्षा कालच्या दिवसाबद्दल जास्त विचारते.

एक चौकशी मात्र मी सगळ्यांत आधी आणि मुलीला एकटीला बसवून करते. मारहाण, शिवीगाळ, पैशाची मागणी, फोन काढून घेणं, माहेरी जायला बंदी, यातलं काही आहे का? असेल तर तो नव्या संसारातला रुसवा-फुगवा नव्हे. तिथे 'जमवून घे' म्हणणं अन्याय आहे. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. हिच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

पुढच्या वेळी नवरा आला. पावसामुळे फवारणी थांबली होती, म्हणून येता आलं. त्यालाही सप्तपदी आठवत नव्हती! व्यापाऱ्याकडे मालाचे पैसे अडकले होते आणि हॉलवाल्याची बाकी द्यायची होती, दिवसभर डोक्यात तेच. पण एक गोष्ट त्याने सांगितली. वरातीच्या गाडीत ओझर मागे पडताच ती झोपली, तिचं डोकं काचेवर आपटत होतं, तेव्हा त्याने आपला शेला घडी करून मधे धरला, थेट घर येईपर्यंत. तिला हे माहीतच नव्हतं. ऐकून ती हसली.

अशा एका आठवणीने प्रश्न सुटतो असं मी मानत नाही. तिला रोजचा सहवास हवा होता, म्हणून आम्ही रोजचंच काही ठरवलं. दुपारचा डबा गड्याबरोबर न पाठवता तिने स्वतः न्यायचा आणि दोघांनी बागेतच जेवायचं. जेवताना फोन खिशात. बागेच्या फवारणीची नोंदवही तिने आपणहून मागून घेतली. निर्यातीच्या मालाला कोणतं औषध कधी मारलं याचा चोख हिशेब लागतो आणि हिचा हात हिशेबात बसलेला. हे मी सुचवलं नव्हतं. सुनेने शेतात राबलं तरच ती घरची, असा अर्थ कुणी काढू नये. दर पंधरा दिवसांनी एक मुक्काम माहेरी, हेही ठरलं. त्याला सासूबाई पटकन कबूल झाल्या. पहिल्या वर्षी त्यांना स्वतःला आखाडाशिवाय कुणी माहेरी पाठवलं नव्हतं, असं त्यांनी सुनेला सांगितलं.

तुमच्या घरात अशी नवी सून किंवा मुलगी असेल आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ तिची झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर लग्नाची दगदग म्हणून सोडून देऊ नका. जगणं नकोसं झाल्याचं तिने बोलून दाखवलं तर दोन आठवडेही थांबू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

दिवाळसण करून ती परत भेटली. सप्तपदी अजून आठवत नाही म्हणाली, पण व्हिडिओ लावणं कमी झालंय. आता तिला पिंपळगावला एका ऑफिसात नोकरी धरायची आहे आणि सासऱ्यांना ते मान्य नाही. माल उतरला की हा विषय घरात ती स्वतः काढणार आहे. नवऱ्याने तेव्हा शेजारी बसायचं कबूल केलं आहे.