निगेटिव्ह स्कॅन करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

प्रश्न : घरात 1985 ते 2000 मधले 35 मिमीचे चाळीस रोल आहेत, बहुतेक रंगीत, पाच-सहा ब्लॅक अँड व्हाइट. एपसन व्ही 600 स्कॅनर घेतला. सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच रोलचा एक फोटो निळसर येतो, पुढचा हिरवट. ब्लॅक अँड व्हाइटमधले चेहरे खरवडल्यासारखे दिसतात. व्ह्यूस्कॅन घ्यावं की सिल्व्हरफास्ट?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : चेहरे बिघडतात ते ‘डिजिटल आइस’ या धूळ आपोआप पुसणाऱ्या सोयीमुळे, आणि सॉफ्टवेअर बदलून ते सुधारणार नाही. आइस इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ शोधतं. रंगीत फिल्मचे रंग हा प्रकाश आरपार जाऊ देतात, ब्लॅक अँड व्हाइटमधली चांदी तो अडवते. मग चित्रच धूळ समजून पुसलं जातं. त्या रोलना आइस बंद ठेवा आणि ब्लोअरने धूळ उडवा.

रंगांचं मात्र सॉफ्टवेअरवर आहे. रंगीत निगेटिव्हला मुळातच नारिंगी छटा असते. ऑटोवर ठेवलं की प्रत्येक फोटोसाठी तिचा नव्याने अंदाज घेतला जातो. एका फोटोत झाडी जास्त, दुसऱ्यात आकाश, की अंदाज हुकलाच. म्हणून छटा एकदा मोजून अख्ख्या रोलला लावता आली पाहिजे.

व्ह्यूस्कॅनमध्ये दोन फोटोंमधली कोरी नारिंगी जागा क्रॉपमध्ये घ्या, प्रिव्ह्यू करा, ‘लॉक एक्स्पोजर’वर टिक करा, पुन्हा प्रिव्ह्यू करा आणि मग ‘लॉक फिल्म बेस कलर’. आता तो रोल संपेपर्यंत हात लावू नका. रोल बदलला की हे पुन्हा करायचं. फिल्मसाठी प्रोफेशनल आवृत्तीच लागते. ट्रायलमध्ये फोटोवर शिक्का उमटतो, तरी रंग पारखायला ती पुरते.

सिल्व्हरफास्टही चांगलं आहे. फिल्मच्या कंपनीनुसार तयार प्रोफाइल, म्हणजे रंगांची सेटिंग, मिळतात. पण त्याचं लायसन्स स्कॅनरच्या मॉडेलला बांधलेलं असतं. उद्या स्कॅनर बदलला तर पुन्हा खर्च. तुम्ही व्ह्यूस्कॅनच घ्या.

2400 डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरे. व्ही 600 वर त्यापुढे फाइल फुगते, बारकावे वाढत नाहीत. 48 बिट टिफ या न दाबलेल्या फाइलप्रकारात एक फोटो सुमारे 46 एमबी, म्हणजे छत्तीस फोटोंचे चाळीस रोल धरले तर 66 जीबी जागा मोकळी हवी.

आणि उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत हे काम नको. दमट हवेने फिल्मवरचं जिलेटिन ओलसर होतं आणि कूलरमधून उडालेला खसाचा भुगा त्याला चिकटून बसतो. तो मग ब्लोअरने निघत नाही.