काटा शून्यावर, गाडी रस्त्यावर

प्रश्न: माझ्याकडे १९९६ ची मारुती ८०० आहे, वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषयच नाही. सहा महिन्यांत स्पीडोमीटरची केबल दोनदा तुटली, दोन्ही वेळा मेकॅनिकने नवीन टाकून दिली आणि आता परत काटा शून्यावर झोपलाय. किलोमीटरचे आकडेपण हलत नाहीत. पुढच्या महिन्यात आरटीओत रीपासिंग आहे. तिसरी केबल टाकू का आख्खा मीटरच बदलू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: तिसरी टाकाल तर चौथीपण टाकावी लागेल, आत्ताच सांगून ठेवतो. केबल अशी महिन्यांत आपणहून तुटत नाही हो, तिला कोणीतरी तोडतं, आणि तो कोण ते बघायचं सोडून आपण दरवेळी नवीन केबलचे पैसे मोजतो.

आधी मीटर काम कसं करतो ते बघा. गिअरबॉक्समधल्या छोट्या पिनियनवरून, म्हणजे दात्यांच्या चाकावरून, केबलची आतली तार फिरते, ती मीटरमध्ये एक लोहचुंबक फिरवते आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमची एक वाटी असते. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, पण चुंबक फिरला की वाटी त्याच्यामागे ओढली जाते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते, आणि त्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो तुमचा स्पीड. १९०२ साली ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने ह्याचं पेटंट घेतलं, तीच आयडिया तुमच्या ८०० मध्ये आहे. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच तारेवरून थेट दात्यांनी फिरतात. म्हणून काटा मेला आणि आकडे चालू असतील तर गडबड वाटी-स्प्रिंगकडे, काटा चालू आणि आकडे बंद तर आतला एखादा प्लास्टिकचा दाता गेलाय, आणि दोन्ही बंद म्हणजे मीटरपर्यंत फिरकीच पोचत नाहीये. तुमचं हे तिसरं.

आता मीटर थोडा पुढे ओढून मागून केबल काढा. आतली तार बोटांनी हळूच बाहेर ओढा, अर्धीच हातात आली तर तुटलीय, विषय संपला. सबंध असेल तर ती परत आत सरकवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक जॅकवर उचला, गाडी न्यूट्रलला टाका आणि कोणाला तरी ते चाक हाताने फिरवायला सांगा. वरचं टोक फिरलं नाही तर गिअरबॉक्सकडचं पिनियन बघा, ते प्लास्टिकचं असतं आणि दाते खाल्ले जातात.

पण माझा संशय दुसरीकडेच आहे. तुटलेल्या तारेचा चौकोनी टोकाचा बोटभर तुकडा मीटरच्या मागच्या भोकात घाला आणि चिमटीत धरून फिरवा. लोण्यासारखा फिरायला पाहिजे. अडखळला, मध्येच घट्ट लागला, तर मीटरची बुश, म्हणजे आतली दांडी जिच्यात फिरते ती छोटी नळी, सुकलीय आणि तीच केबलचा गळा पिळतीय. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बुशवर सोडा, एकच, जास्त गेलं तर वाटीवर जाऊन काटाच चिकटेल. तरीही मोकळी झाली नाही तर मीटर रिपेअरवाल्याकडे द्या, आख्खा बदलायची घाई नको.

बुश मोकळी असेल तर केबलचा रस्ता तपासा. डॅशच्या मागे एखाद्याने म्युझिक सिस्टीमची वायरिंग कोंबताना केबल दुमडून ठेवलेली असते, मी स्वतः असं तीनदा बघितलंय. वळण मोठं आणि गोल पाहिजे. नवीन तारेला ग्रीस हलकंच चोळा आणि मीटरकडची चार बोटं कोरडी ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढतं.

आरटीओचं म्हणाल तर स्पीडोमीटर चालू असणं नियमातच आहे, खाजगी गाडीचं १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पासिंग होतं तेव्हा बंद मीटर घेऊन जाऊन हेलपाटा मारू नका.

प्रश्न: माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा काटा ३० ते ४० मध्ये थरथरतो, सकाळी जास्त, आणि डॅशमधून कटकट आवाज येतो.
– एक वाचक, दादर

उत्तर: केबल कोरडी पडलीय. तार एका जागी अडकते, पीळ साठतो, मग सुटते, तोच तुमचा थरथराट आणि तीच कटकट. काढा, रॉकेलने धुवा, वाळवा, ग्रीस लावा. तार पांढऱ्या फडक्यातून ओढून बघा, धागे अडकले तर तिचे पदर सुटलेत, बदलाच. (काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या, त्यामुळे तुमच्याकडे आहे ती जपा.)

प्रश्न: मीटरवर ६० दिसतं तेव्हा मोबाइलवर ५६. मीटर खराब आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. कंपन्या मीटर मुद्दाम थोडा जास्तच दाखवणारा ठेवतात. मोबाइल जास्त आणि मीटर कमी दाखवायला लागला तर काळजी करा, आणि आधी चाकं बघा, आधीच्या मालकाने शोभेसाठी मोठे टायर चढवलेत का ते.