चॉकलेटसोबत कोणती वाईन? आधी गोडवा पाहावा, मग रंग

आपण लिहिले आहे की, आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला जळगावच्या घरी जेवणानंतर चॉकलेट आणि वाईन ठेवण्याचा बेत आहे. मात्र नाशिकहून आणलेली कॅबरने सोव्हिन्यों ही रेड वाईन चॉकलेटसोबत चाखली तेव्हा ती आंबट आणि तुरट लागली, तेव्हा बाटली खराब निघाली की काय, अशी आपल्याला शंका आहे. माझ्या मते वाईन बहुधा ठीक आहे, जोडी मात्र जमलेली नाही.

जिलबी खाऊन लगेच चहा घेतला की तो अगोड लागतो. इथेही तेच घडते. चॉकलेटमधील साखर जिभेवर असताना कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली वाईन घेतली, तर तिच्यातील फळांची चव दबते आणि आंबटपणा व कडवटपणा तेवढा पुढे येतो. त्यात कॅबरनेमध्ये द्राक्षांच्या सालींतून आणि बियांतून आलेले टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारे तुरट द्रव्य, भरपूर असते, कोकोही मुळातच तुरट, त्यामुळे तोंड अक्षरशः कोरडे पडते. ‘डार्क चॉकलेट आणि रेड वाईन’ ही जोडी सर्रास सुचवली जाते, पण मला ती बहुतेक वेळा पटत नाही. वाईन चॉकलेटइतकी किंवा त्याहून थोडी अधिक गोड असावी, हे एक पथ्य पाळले तरी बरेचसे काम होते.

म्हणूनच डार्क चॉकलेटसोबत पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातील पोर्ट ही गोड वाईन इतकी शोभते. तिचे किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेचे अल्कोहोल करणे, अर्ध्यावर असतानाच त्यात द्राक्षांपासून काढलेले स्पिरिट मिसळतात. त्यामुळे यीस्टचे काम थांबते, द्राक्षांची साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल साधारण १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जाते. गडद लाल रुबी पोर्ट डार्क चॉकलेटला चांगली. लाकडी पिंपात मुरलेली टॉनी पोर्ट मिल्क चॉकलेटला, विशेषतः त्यात बदाम किंवा भाजलेले शेंगदाणे असतील तर, फारच छान लागते. आयात पोर्ट महाग वाटत असेल, तर नाशिकच्या सुला वाइनरीची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां ही गोड पांढरी वाईन पाहावी. तिची द्राक्षे वेलीवर अधिक काळ राखल्यामुळे त्यांतील साखर वाढलेली असते. ती व्हाइट आणि मिल्क चॉकलेटसोबत द्यावी, ७० टक्के कोकोच्या कडू चॉकलेटपुढे तिचा निभाव लागणार नाही.

चॉकलेट घेताना वेष्टनावरील घटक अवश्य वाचावेत. कोको बटरऐवजी वनस्पती तेल असलेले कंपाउंड चॉकलेट जिभेवर मेणासारखे बसते आणि त्यावर कोणतीही वाईन वाया जाते.

आता आपल्या खान्देशाचा खरा प्रश्न, तो उन्हाचा. रेड वाईन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी हा सल्ला थंड हवेच्या देशांतील घरांसाठी आहे, त्यात अभिप्रेत असलेले तापमान १६ ते १८ अंश असते, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. गोड पांढरी वाईन चांगली गार करावी, पोर्टही थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवावी. कोको बटर सुमारे ३४ अंशांना वितळते, त्यामुळे चॉकलेट हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवणे भाग आहे. मात्र बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये, कारण गार चॉकलेटवर हवेतील बाष्प जमते, त्यात पृष्ठभागावरची साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरट, खरखरीत थर उरतो. पंधरा-वीस मिनिटांनी डबा उघडून लगेच वाढावे.

चाखताना व्हाइटपासून डार्ककडे जावे. लहान तुकडा न चावता जिभेवर विरघळू द्यावा आणि तो अर्धा विरघळला की घोट घ्यावा. जेवणात शेवभाजी असेल, तर मध्ये अर्धा तास तरी जाऊ द्यावा. तिखटाने पोळलेल्या जिभेला अल्कोहोल आणखी झोंबते.

राहिली ती कॅबरने. ती चॉकलेटसाठी राखून ठेवू नये. जेवणातच, कमी तिखटाच्या सुक्या मटणासोबत, किंचित गार करून उघडावी. तिथे तिचे टॅनिन मांसाशी उत्तम जुळते.