आयन चॅनलला 'आयनवाहिनी' म्हणू नका

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. आईला बीपीची अॅम्लोडिपिनची गोळी चालू आहे, ताईंनी मोबाईलवर शोधलं तर तिला 'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर' म्हणतात असं कळलं, आणि एका मराठी लेखात त्याचंच 'कॅल्शियमवाहिनी रोधक' केलेलं सापडलं. आता आई म्हणायलीय की वाहिनी रोधली म्हणजे शीर बंद होणार आणि हाडाला कॅल्शियम मिळणार नाही. तर चॅनलला वाहिनी म्हणायचं का, आणि आईची भीती खरी का.

भीतीचं आधी संपवतो. ही गोळी शीर बंद करत नाही, उलट सैल करते. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात, त्यांच्या आवरणात फक्त कॅल्शियमला जाऊ देणाऱ्या बारीक वाटा असतात, त्यांनाच चॅनल म्हणतात, त्या उघडल्या की कॅल्शियम आत घुसतं आणि स्नायू आवळतो, गोळी त्या वाटा पुरत्या उघडू देत नाही म्हणून स्नायू सैल राहतो आणि प्रेशर उतरतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात येतं तो रस्ता निराळा, त्याला ही गोळी आडवी येत नाही. गोळी मनानं बंद करू देऊ नका, बाकी शंका डॉक्टरांना विचारा.

आता बघा, आई घाबरली ती कशानं? रक्तवाहिनी आणि कॅल्शियमवाहिनी, एकाच लेखात दोन वाहिन्या. एक बोटानं चाचपता येईल एवढी नळी आणि दुसरी एका पेशीच्या ५ नॅनोमीटर जाडीच्या पडद्यात बसलेला प्रथिनाचा एक रेणू. दोघांना एकच आडनाव दिल्यावर वाचणाऱ्यानं काय समजायचं? क्लासच्या नोट्समधे, पेपरच्या आरोग्य पुरवणीत, युट्यूबवर सगळीकडं हेच चालू आहे, आणि त्याच्या पुढं 'वाहिन्या सोडियम आत वाहून नेतात' हे वाक्य ठरलेलंच. वाहून नेत नाहीत हो! तीच तर सगळी गोष्ट आहे, आणि ती 'आयन' (विजेचा भार असलेला कण, द्रावणातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम ही आयनंच) या शब्दातच सांगितलेली आहे.

हा शब्द १८३४ चा. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे विजेनं द्रावणं फोडत होता आणि त्याला नव्या गोष्टींसाठी नवी नावं पाहिजे होती. तो बुकबाइंडरकडं उमेदवारी करून वर आलेला माणूस, ग्रीक शिकलेला नाही, म्हणून त्यानं केंब्रिजच्या विल्यम ह्यूवेलला पत्र लिहिलं. ह्यूवेल म्हणजे 'सायंटिस्ट' हा शब्द घडवणारा तोच. त्यानं अॅनोड, कॅथोड, अॅनायन, कॅटायन आणि आयन सुचवले. ग्रीकमधे 'इएनाय' म्हणजे जाणं, त्यावरून 'इऑन' म्हणजे जाणारं. अॅनायन वर जाणारं, कॅटायन खाली जाणारं. बस. कुणी नेलेलं नाही, जाणारं.

आणि हा 'जाणं' आपल्या घरातलाच आहे. संस्कृतातला 'इ' धातू, एति म्हणजे जातो, त्याचं नाम अयन. दक्षिणायन, उत्तरायण, झालंच तर रामायण. 'आ' लावून तेच आलं की आय म्हणजे मिळकत, 'वि' लावून गेलं की व्यय. उदय, अध्याय, उपाय, पर्याय, समुदाय, अतीत, अगदी प्रेतसुद्धा, पुढं निघून गेलेला तो प्रेत, ही सगळी त्याच एका अक्षराची लेकरं. म्हणजे पेशीत सोडियम आत येतं ती आय आणि पोटॅशियम बाहेर जातं तो व्यय, आणि दोन्हीत धातू आयनाचाच सख्खा भाऊबंद. मला हे पहिल्यांदा उलगडलं त्या दिवसापासून मी भेटेल त्याला सांगत आलोय.

पण इथं एक गल्लत मोडून काढायला पाहिजे, कारण व्हॉट्सअॅपवर जोरात फिरायलीय की फॅरडेनं 'अयन' आपल्याकडून उचलला. साफ खोटं. त्यानं तो ग्रीकमधून घेतला, ह्यूवेलकडून घेतला, पत्रं उपलब्ध आहेत. ग्रीक आणि संस्कृत या बहिणी आहेत, हे भाषापंडित विल्यम जोन्सनं १७८६ मधे कलकत्त्यात जाहीरपणे मांडलंय, आणि मावसभाऊ सारखे दिसतात म्हणून एकानं दुसऱ्याचं तोंड चोरलं असं कुणी म्हणत नाही. हे नातं चोरीच्या कथेपेक्षा कितीतरी जुनं आणि मोठं आहे, ते सोडून फुकटचा अभिमान कशाला.

आता शरीरात बघा. आपल्या पेशीच्या आत पोटॅशियम लिटरमागे साधारण १४० मिलिमोल आणि बाहेर ४-५, सोडियमचं बरोबर उलटं, बाहेर १४५ च्या आसपास आणि आत १०-१५. मोकळ्या कॅल्शियमचा फरक तर दहा हजार पटीचा. चेतापेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानानं उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असते. एवढी ओढ तयार असल्यावर आयनाला न्यायला कशाला कुणी पाहिजे, वाट मोकळी झाली की ते आपसूक निघतं, एका चॅनलमधून सेकंदाला १ कोटी आणि त्याहूनही जास्त आयनं जातात. वाहून नेण्याचं काम करतो तो पंप. १९५७ मधे येन्स स्कोऊनं दाखवून दिलेला सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, आणि त्याचा वेग सेकंदाला काही शे आयनं एवढाच. कुठं काही शे आणि कुठं कोटी! 'वाहिनी' म्हणायचंच असेल तर त्या पंपाला म्हणा.

माझ्या ओळखीच्या एका विज्ञान शिकवणाऱ्या सरांचा यावर आक्षेप असा की मराठीत पाणी 'वाहतं' हेही चालतं, ओझं वाहणं वेगळं, म्हणून जिच्यातून वाहतं ती वाहिनी. सर, मग तर शब्द आणखीनच चुकला. संस्कृतात वाहिनी म्हणजे नदी, जी स्वतः वाहते ती. जिच्यातून वाहतं ती नव्हे. तुमच्या अर्थानं आयनं ही वाहिनी होतील आणि चॅनल नुसतं पात्र. परिभाषेच्या समितीवर बसायचं तर एवढं तरी तपासून बसावं.

काही जण 'नलिका' सुचवतात. तो निदान चॅनलच्या मूळ अर्थाशी इमान राखतो. लॅटिन कॅना म्हणजे बोरू, पोकळ वेत, त्यावरून कॅनालिस, त्यावरून कॅनॉल आणि चॅनल दोन्ही, आणि दवाखान्यात हाताला लावतात ती कॅन्युलासुद्धा. लॅटिनला तो ग्रीकमधून आला आणि ग्रीकला सेमिटिक भाषांतून, अरबीत आजही कनात म्हणजे कालवा आणि टीव्हीचा चॅनलही. इकडं आपला नड, म्हणजे तेच पोकळ गवत, आणि त्याच्यावरून नळ, नळी, नाली, नाडी. दोन मुळं वेगळी आणि गवत एकच. सुंदर आहे, पण नलिका उघडी असते, कायम. सगळे आयन चॅनल कायम उघडे राहिले तर आतबाहेरचा फरक पुसला जाईल आणि पेशी मरेल. पेशीवर जी काही हुकमत चालते ती उघडण्या-मिटण्यातून चालते, आणि हे नलिकेत कुठंच नाही.

म्हणून माझा शब्द 'आयनबारी'. ज्यानं रात्रीच्या लाईटवर ज्वारीला नाहीतर उसाला पाणी दिलंय त्याला तो लगेच कळेल. पाटातून पाणी स्वतःच्या उतारानं येतं, आपण फक्त वाफ्याचं तोंड फोडतो आणि भरलं की माती लावतो, त्याला कुठं दारं धरणं म्हणतात, कुठं बारं देणं. माझं ठाम मत आहे की हे बारं आणि डोंगरातल्या खिंडीची बारी दोन्ही 'द्वार' मधूनच आलेत. द्वादशचं बारा झालं, द्वाविंशतीचं बावीस झालं, मग द्वारचं बार व्हायला काय अडचण? गुजरातीत दाराला बारणुं म्हणतातच. एका भाषेत द्वारचे दार आणि बार असे दोन्ही वारस जिवंत राहावेत याचं मला फार कौतुक. 'पाळी' या अर्थाची बारी हा 'वार' मधून आलेला शब्द वेगळा, दोन्ही एकाच पोत्यात भरू नका. 'आयनदार' मुद्दाम टाळलाय, तो जमीनदाराच्या रांगेत जाऊन बसेल. आणि इंग्रजीतले शास्त्रज्ञही गेट, गेटिंग हेच शब्द वापरतात, म्हणजे दाराची कल्पना मी वरून चिकटवलेली नाही.

बाऱ्या उघडतात कशानं, हे पाहण्यासारखं आहे. काही बाऱ्या विद्युतदाब बदलला की उघडतात, १९५२ मधे हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माकली (स्क्विड) या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर याचं गणित मांडलं. एकेका बारीतून जाणारा प्रवाह नेहर आणि साकमान यांनी १९७६ मधे मोजला. काही बाऱ्या ताणानं उघडतात, काही उष्णतेनं. टीआरपीव्ही१ नावाची एक बारी ४३ अंशांच्या आसपास उघडते आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननंसुद्धा तीच उघडते, डेव्हिड ज्युलियसच्या प्रयोगशाळेनं ती १९९७ मधे ओळखली, २०२१ च्या नोबेलमागचं मोठं काम हे. चहानं जीभ पोळली तरी 'आग झाली' आणि ठेच्यानं पोळली तरी 'आग झाली', मराठीनं एकच शब्द ठेवला तो किती बरोबर ठेवला!

काही वेळा बारी मिटण्यातच काम असतं. जेवण झाल्यावर साखर वाढते, स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत एटीपी वाढतं, त्यानं पोटॅशियमची बारी मिटते, आतला विद्युतदाब बदलतो, मग कॅल्शियमची उघडते आणि इन्सुलिन बाहेर पडतं. शुगरची ग्लिमेपिराइड गोळी ती पोटॅशियमची बारी मिटवूनच काम करते. आणि मिटायची ती मिटली नाही तर काय होतं ते विंचू दाखवतो. त्याच्या विषातले काही घटक सोडियमची बारी वेळेवर बंदच होऊ देत नाहीत, चेतातंतू पेटत राहतात, हृदयावर भार येतो. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळ आपल्या जालना जिल्ह्यातले, काम केलं महाडकडं. प्राझोसिन बारीला हात लावत नाही, पुढच्या रक्तवाहिन्यांवरचा ताण उतरवतं, पण जीव वाचतो.

आणखी एक, कारण यावर हमखास पत्रं येतात. मी 'ते आयन, ती आयनं' लिहितो, पुस्तकांत 'तो आयन' असतं. ग्रीक इऑन नपुंसकलिंगी, संस्कृत अयन नपुंसकलिंगी, आणि आपणही 'दक्षिणायन सुरू झालं' असंच म्हणतो, 'सुरू झाला' नाही. 'तो' कुठून आला हे मला आजवर एकाही परिभाषाकारानं सांगितलेलं नाही. ताई, आईंना सांगताना 'कॅल्शियमची बारी थोडी मिटवणारी गोळी' असं सांगा.