क्लच खरंच चिकटलाय, की नुसता संशय? : वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी लिहिलं होतं की बरीच वर्षं उभी असलेली गाडी डायरेक्ट सेल्फ मारून चालू करू नका, आधी इंजिन हाताने फिरवून बघा. आता ज्यांची इंजिनं चालू झाली त्यांची पत्रं येतायत आणि बहुतेकांची गाडी पुढच्या एकाच ठिकाणी अडलीय. त्यामुळे यावेळी सगळे प्रश्न क्लचचेच.

प्रश्न : काका, वडिलांची १९५० च्या दशकातली गाडी चौदा वर्षं झाकून उभी होती. महिनाभर खटपट करून इंजिन चालू केलं, एकदम गोड चालतंय. पण क्लच दाबून गिअर टाकायला गेलं की खर्रर्र, पडतच नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात. मग पहिला टाकला, क्लच पूर्ण दाबला आणि सेल्फ मारला तर गाडी टुणकन पुढे उडाली! मिस्त्री म्हणतो गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. खरंच लागेल का?

उत्तर : लागेलही, पण आज नाही. आणि एक आधी सांगतो, ती सेल्फची टेस्ट भिंतीकडे तोंड करून परत करू नका, तुमचं नशीब चांगलं होतं.

आत काय झालंय ते डोळ्यासमोर आणा. इंजिनच्या मागे फ्लायव्हील, त्याला टेकून क्लच प्लेट, तिच्या मागे प्रेशर प्लेट. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट बिडाच्या, मध्ये लायनिंग (घर्षणाने पकड घेणारं अस्तर) लावलेली क्लच प्लेट. गाडी नुसती उभी असते तेव्हा स्प्रिंगांनी हे सगळं गच्च आवळून धरलेलं असतं. चौदा पावसाळ्यांची दमट हवा बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) शिरते, लायनिंग ती ओल शोषून घेतं, बीड गंजतं आणि तो गंज लायनिंगच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. आता तुम्ही पेडल दाबता तेव्हा स्प्रिंगांचा दाब निघतो, प्रेशर प्लेट मागे सरकते, पण क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली ती चिकटलेलीच. म्हणून पेडलवर पायाला काही वेगळं जाणवत नाही आणि माणूस गोंधळतो.

पण हे असंच झालंय हे आधी नक्की करा. माझ्याकडे "क्लच चिकटलाय" म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कित्येकींचा क्लच चिकटलेला नव्हताच, पेडलपासून क्लचपर्यंतच्या रस्त्यात कुठेतरी काहीतरी अडलेलं होतं. इंजिन बंद, चारही चाकांना दगड, एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने खाली वाकून बेल हाउसिंगमधून बाहेर आलेला फोर्क (पेडलचा जोर क्लचपर्यंत पोचवणारा दांडा) बघायचा. अर्ध्या इंचाच्या आसपास तरी सरकला पाहिजे (मॉडेलप्रमाणे कमीजास्त). पेडल पूर्ण खाली आणि फोर्क जेमतेम हलतोय तर दुखणं केबलमध्ये, लिंकेजच्या पिनांत किंवा हायड्रॉलिकमध्ये आहे, तिथे गाडी कितीही उडवली तरी काही होणार नाही.

फोर्क नीट सरकतोय? मग दुसरी परीक्षा. सपाट जागेवर टॉप गिअर टाका, क्लच दाबून धरायला सांगा आणि गाडी ढकला. अजिबात हलत नाही, किंवा हलली तर इंजिनही सोबत फिरतंय, तर प्लेट चिकटलीय. थोडं जड जातंय पण गाडी सरकतेय आणि इंजिन जागेवरच आहे, तर प्लेट सुटलेली आहे आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक क्रँकच्या ज्या बुशमध्ये बसतं तो बुश धरतोय, किंवा प्लेट शाफ्टच्या खाचांवर गंजाने अडकून मागे सरकत नाहीये. ही दुसरी दुखणी गाडी उडवून बरी होत नाहीत, त्यांना गिअरबॉक्स उतरवणंच आलं.

तुमच्या वर्णनावरून प्लेटच वाटतेय. उपाय सांगतो तो आळशी माणसाचा आहे आणि मला तोच आवडतो. गाडी मोकळ्या हवेत आणा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा आणि वीस-पंचवीस मिनिटं चालू द्या, बेल हाउसिंगला हात लावून चांगलं गरम लागलं पाहिजे (बंद शेडमध्ये हे करायचं नाही, एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो). इंजिन बंद करा, पेडल पूर्ण दाबा आणि पेडल व सीटच्या फ्रेममध्ये लाकडी ठोकळा अडकवून रात्रभर सोडून द्या. बीड आणि लायनिंग गरम होताना आणि थंड होताना सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत, त्यात प्रेशर प्लेटचा दाब निघालेला, त्यामुळे गंजाची पकड थोडी थोडी ढिली होते. दुसऱ्या दिवशी परत. चार-पाच दिवस करा. कधीकधी रात्री शेडमधून "टक्" असा बारीक आवाज येतो आणि सकाळी गिअर लोण्यासारखा पडतो. मी स्वतः एकदा तो आवाज ऐकलाय, चहा टाकून पळत गेलो होतो.

तेवढ्याने नाही झालं तर मग गाडी चालवून सोडवायची, पण त्याआधी ब्रेक. चौदा वर्षांत क्लच चिकटला तर व्हील सिलिंडरही (चाकांतले ब्रेक दाबणारे) जाम झालेले असणार, आणि या युक्तीत गाडी थांबवायला क्लच नाही, फक्त ब्रेक आणि इग्निशनची किल्ली. ब्रेक चारही चाकांना नीट लागत नसतील तर हा परिच्छेद वाचलाच नाही असं समजा.

ब्रेक ठीक असतील तर समोर लांबच लांब मोकळी जागा बघा, आजूबाजूला माणूस, पोर, कुत्रं कोणी नको. इंजिन गरम करून बंद करा, दुसरा गिअर टाका, क्लच दाबून धरा आणि सेल्फ मारा. गाडी धक्का खात निघेल आणि इंजिन पकडेल (बॅटरी सहा व्होल्टची असेल आणि सेल्फ दमत असेल तर पहिला गिअर घ्या). आता क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दाबा, सोडा, दाबा, सोडा, आणि मध्येच ब्रेक झटकन मारून सोडा. ब्रेकने चाकं थांबायला बघतात, पण जड फ्लायव्हील फिरतच राहायला बघतं, त्या दोघांच्या ओढाताणीत सगळा पीळ प्लेटवर येतो. सुटला की लगेच कळतं, गाडी मंदावते आणि इंजिन एकदम मोकळं होऊन ओरडतं.

वरच्या गिअरमध्ये हा पीळ जास्त बसतो. पहिल्या गिअरचं प्रमाण ३.५ धरलं आणि टॉपचं १, तर चाकावर तेवढाच ब्रेक मारून टॉपमध्ये क्लचवर साडेतीन पट पीळ येतो. पण टॉपमध्ये सेल्फने गाडी हलणार नाही, म्हणून दुसरा हा मधला मार्ग.

पाच-सहा वेळा करून सुटला नाही तर थांबा. त्यापुढे जोर लावणं म्हणजे लायनिंग प्लेटवरून सोलून काढणं, नाहीतर हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तोडून घेणं. मग मिस्त्रीचं ऐका आणि गिअरबॉक्स उतरवा. प्रेशर प्लेट काढण्याआधी तिच्यावर आणि फ्लायव्हीलवर समोरासमोर खूण करून ठेवा म्हणजे बॅलन्स बिघडणार नाही, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा, एकच पूर्ण काढला तर कव्हर वाकतं. आणि आतली धूळ फुंकर मारून किंवा एअरने उडवायची नाही! त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

प्रश्न : मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून, गिअरमध्ये इंजिन चालू करून एकदम ब्रेक मारला तर क्लच सुटतो असं ऐकलंय. यात गाडी जागेवरच राहते म्हणजे सेफ ना?

उत्तर : सुटतो, हे खरं. सेफ, हे अजिबात नाही. हवेत चाकं तुफान फिरतायत, गाडीचा मागचा भाग स्टँडवर उभा आहे आणि तुम्ही आत बसून तिला मुद्दाम झटके देताय. त्यात जुन्या गाडीचे ब्रेक दोन्ही बाजूला सारखे लागतील याची खात्री नाही. एक चाक आधी धरलं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर) दुसरं दुप्पट वेगाने फिरायला लागतं, गाडी तिरकी ओढते आणि स्टँडवरून उतरली तर इंजिन चालू, गिअरमध्ये, क्लच न सुटणारी गाडी सरळ समोरच्या दारातून बाहेर. नुसत्या जॅकवर तर विचारच नको. करणारे करतात, मी सांगणार नाही.

प्रश्न : सर माझ्या गाडीचा क्लच चिकटलाय, पेडल एकदम हलकं आहे, न दाबता खाली जातं आणि वर पण येत नाही, पायाने ओढून वर आणावं लागतं. ठोकळा लावून ठेवला आठवडाभर, काही फरक नाही.

उत्तर : पडणार कसा? तुमचा क्लच चिकटलाय की नाही हे अजून कोणालाच माहीत नाही, कारण तुमचा पाय क्लचपर्यंत पोचतच नाहीये. पेडल मऊ म्हणजे हायड्रॉलिक गेलं. मास्टर सिलिंडरचं (पेडलकडचा) रबर नाहीतर स्लेव्ह सिलिंडरचं (क्लचकडचा), बहुतेक दोन्ही. नेहमीचं ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढून घेतं, ती सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पाडते आणि मग नवीन रबर घातलं तरी ते चार दिवसांत फाटतं. सिलिंडर उघडा, आत बोट फिरवून बघा, खरखर लागली तर रबर बदलून वेळ वाया घालवू नका, सिलिंडरच बदला किंवा स्लीव्ह बसवून घ्या. नंतर एअर काढा आणि मग वरची फोर्कची परीक्षा. आणि फ्लुइड भरताना गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा, काही जुन्या सिट्रोएन गाड्यांत हिरवं मिनरल ऑइल लागतं, त्यात नेहमीचं ब्रेक फ्लुइड गेलं तर सगळी रबरं फुगून बसतात.

प्रश्न : बेल हाउसिंगला खाली छोटी खिडकी आहे. तिथून गंज सोडवणारा स्प्रे मारला तर? मित्राने मारला होता आणि त्याचा लगेच सुटला.

उत्तर : मित्राला सहा महिन्यांनी परत विचारा. हा मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे म्हणून हक्काने सांगतो. सुटला, मीही खूश झालो, आणि मग पहिल्याच चढावर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागेवर, सोबत जळका वास. लायनिंग तेल पितं आणि एकदा प्यायलं की ते पूर्ण निघत नाही. शेवटी जो गिअरबॉक्स उतरवायचा नव्हता तोच उतरवला, वर प्लेट नवीन घातली.

खिडकीचा दुसरा उपयोग मात्र आहे. एकाने पेडल दाबून धरायचं आणि तुम्ही जुनं, पातळ, दात घासून काढलेलं करवतीचं पातं प्लेट आणि फ्लायव्हीलच्या मध्ये कडेने हलकेच सारायचं, थोडं इंजिन हाताने फिरवायचं, परत सारायचं. सगळ्या कडेने फिरलात की वरच्या ठोकळ्याच्या उपायाला चांगली मदत होते. बॅटरीची वायर आधी काढून ठेवा, हात आत असताना कोणी किल्ली फिरवली तर बोटं राहणार नाहीत.

प्रश्न : पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून गाडी ठेवताना पेडल दाबूनच ठेवायचं का? स्प्रिंग कमजोर होते म्हणतात.

उत्तर : बऱ्याच ट्रॅक्टरना क्लच दाबलेला अडकवून ठेवायला कंपनीचा हुकच असतो, तो याचसाठी. चांगली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने मरत नाही, त्यामुळे कोरड्या जागेत काही महिने ठोकळा लावलात तर मी काही बोलणार नाही. हायड्रॉलिक असेल तर मात्र रबरांवर सतत दाब राहतो, तिथे मला ते पटत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा चालू करा, गरम होऊ द्या, पेडल पंधरा-वीस वेळा दाबा, जमलं तर चार पावलं पुढेमागे घ्या. आणि धुऊन ओली गाडी तशीच कव्हर घालून ठेवू नका, लोक नेमकं हेच करतात.

प्रश्न : माझ्याकडे फोर्ड मॉडेल टी आहे, थंडीत क्लच सुटत नाही, हँडल मारलं की गाडी अंगावर येते. वरचे उपाय चालतील का?

उत्तर : नाही, तुमचं प्रकरणच वेगळं. मॉडेल टी मध्ये (१९०८ ते १९२७) क्लच म्हणजे स्टीलच्या बऱ्याच चकत्यांची गड्डी, इंजिनच्याच तेलात बुडालेली. तिथे सहसा गंज नसतो, थंड दाट तेल चकत्यांना एकमेकींना चिकटवून ठेवतं. तेल पातळ घाला, हँडब्रेकचा दांडा पूर्ण मागे आहे आणि तो क्लच खरंच सोडवतोय का ते बघा, आणि चाकांना दगड लावल्याशिवाय हँडलला हात लावू नका. हडसनच्या जुन्या गाड्यांतही तेलातला क्लच असतो, त्यात कॉर्कचे तुकडे बसवलेले असतात, तिथलं तेल काढून कोरडं ठेवलंत तर कॉर्क जळून जाईल. आणि चामड्याचं अस्तर असलेला कोन क्लच कोणाकडे असेल तर फक्त त्यालाच तेल पाजायचं, थोडं एरंडेल, चामडं मऊ होईपर्यंत.