पालिकेच्या मातीच्या धरणाला ओल आली तर

प्रश्न : आमच्या नगरपालिकेच्या जुन्या तलावाची मातीची भिंत १२ मीटर उंच आहे, साठा सुमारे १८ लाख घनमीटर. तलाव भरला की खालच्या उतारावर, पायथ्याच्या थोडं वर, ओल येते. उतारावर बाभळी माजल्या आहेत. त्यात आता सांडव्यावर वाळूची पोती रचून जास्त पाणी अडवायचा प्रस्ताव आलाय. यात धोका किती?

उत्तर : पोत्यांचा प्रस्ताव आधी थांबवा. दगडी धरणावरून पाणी गेलं तरी ते बहुधा टिकतं; मातीच्या भिंतीवरून गेलं तर खालचा उतार कापत जातं आणि काही तासांत भिंत फुटते. पुरात सांडव्यावरून एक मीटर जाडीची धार जात असेल आणि तुम्ही ४५ सेंटिमीटर पोती रचली, तर तलावाच्या त्याच पातळीला विसर्ग जेमतेम ४० टक्के उरतो. उरलेलं पाणी माथ्याकडे चढतं. सांडव्यात लावलेली मासेमारीची जाळीही काढायला लावा, त्यांत कचरा अडकून हेच होतं.

आता ओल. मातीचं प्रत्येक धरण झिरपतं. काळ्या मातीचा गाभा पाणी मंद करतो आणि वाळूच्या गाळणीतून ते पायथ्याच्या दगडी चरात उतरतं. तुमच्याकडे ते उतारावरच फुटतंय, म्हणजे गाळणी तुंबली असावी किंवा गाभा कुठेतरी कमजोर आहे. तपासणी हवीच. पण धावपळ कधी करायची, हे पाण्याचा रंग आणि प्रमाण सांगतं.

झिरपा चरात गोळा करून ९० अंशांच्या व्ही-नॉचवर, म्हणजे व्ही आकाराची खाच पाडलेल्या पत्र्यावर, मोजा. खाचेवर पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, १० असेल तर साडेचार लिटरच्या आसपास. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींनी वाढतो. शेजारी तलावाची पातळी आणि पाऊस लिहा. पातळी तीच असताना झिरपा वाढला, तर तो वाईट. तलाव भरलेला असताना रोज मोजा आणि काचेच्या बाटलीत नमुना तासभर ठेवून तळाशी गाळ बसतो का बघा.

गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहतेय. तिथे चिकणमाती थापून तोंड बंद करू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. आधी जाड वाळू, वर बारीक खडी, त्यावर दगड, असा थर द्या : पाणी जाऊ दे, माती अडू दे. लगेच तहसीलदारांना कळवा, खालची वस्ती हलवा. विमोचक (तलावातून पाणी सोडायची झडप) उघडून पातळी उतरवा, पण शक्यतो बेताबेताने. पाणी झपाट्याने उतरलं तर आतला, पाण्याकडचा चिंब उतार घसरतो.

विमोचकाच्या नळाभोवतीची माती विशेष जपा. १२ जुलै १९६१ ला पानशेतची भिंत नळमार्गावरच खचली होती. माथ्यावर त्या जागी खळगा दिसला तर वाट पाहू नका.

बाभळींची मुळं कुजली की पोकळ्या उरतात. रोपं आताच उपटा. मोठी झाडं तलाव उतरल्यावर बुंध्यासकट काढा आणि खड्डा १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत, ओलसर मातीने धुम्मस करून (ठोकून घट्ट बसवून) भरा. हरळी मात्र राहू द्या, ती उतार धरून ठेवते. घुशी-साळिंदरांची बिळंही अशीच बुजवा.

आणि हे फक्त सल्ल्यापुरतं नाही. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणाचा साठा १० लाख घनमीटर किंवा जास्त असेल, तर २०२१ चा धरण सुरक्षा कायदा लागू होतो. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करवून घेणं ही मालकाची, म्हणजे तुमच्या पालिकेची जबाबदारी आहे. मागच्या तपासणीचा अहवाल सभेत लेखी मागा.