बाबांचा हात थरथरतो, गामा नाईफ करायचं का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. बाबा 74 वर्षांचे, रिटायर्ड शिक्षक. दहा-बारा वर्षं झाली दोन्ही हात थरथरतात, उजवा जास्त. चहा अर्धा कपच देतो तरी बशीत सांडतो, आणि मागच्या महिन्यात सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत पाठवलं, त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. न्यूरोलॉजिस्ट म्हणतात इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे नुसत्या थरथरीचा आजार आहे, पार्किन्सन नाही. दोन गोळ्या करून झाल्या, फरक नाही. हार्टचा मेटलचा व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी कायमची. नातेवाईक म्हणतात गामा नाईफ करून टाका, चिरफाड नाही, लगेच घरी. आईला रेडिएशन म्हटलं की धडकीच भरते. काय करावं?

उत्तर: आधी आईंना सांगा, यात केस जात नाहीत, उलट्यांचा तो केमोसारखा त्रासही नसतो. डोक्याला भूल देऊन चार स्क्रूंनी एक फ्रेम बसवतात, एमआरआय काढतात आणि मग कोबाल्टचे शेदोनशे बारीक किरण मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागातल्या एका छोट्या ठिपक्यावर एकत्र आणतात. नावात नाईफ आहे पण सुरी कुठंच नाही. स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी 1951 मध्ये ही कल्पना मांडली.

पण चिरफाड नाही म्हणजे धोका नाही, असं कोणी सांगत असेल तर तिथं मला थांबवावंसं वाटतं. ट्यूमरच्या नेहमीच्या शेकात रोज साधारण 2 ग्रे (किरणांचा डोस मोजायचं माप) देतात, इथे एकाच दिवशी 130 ते 140 ग्रे जातात आणि तेवढा ठिपका कायमचा मरतो, तो परत आणता येत नाही. त्याच्या अगदी शेजारून हातापायाच्या ताकदीच्या वायरी जातात. एखाद्याच्या मेंदूला किरणांची रिअॅक्शन जास्त येते, सूज ठरवल्यापेक्षा पसरते, मग हात बधिर होणं, अशक्तपणा, बोलणं जड होणं, तोल जाणं असं होतं. बरंचसं स्टेरॉइडनं उतरतं, पण थोड्या पेशंटमध्ये राहूनही जातं. आणि हे कळतं कधी, तर काही महिन्यांनी! फायदाही तसाच, आठवड्यांनी सुरू होऊन कधी कधी वर्षभर वाढत राहतो, म्हणून दुसऱ्या दिवशी चहा सांडायचा थांबेल अशी आशा बाबांना अजिबात लावू नका.

डीबीएसमध्ये म्हणजे मेंदूत तार आणि छातीत बॅटरी बसवतात त्यात करंट कमीजास्त करता येतो, नको झाला तर बंद करता येतो, त्यामुळे तब्येतीनं धडधाकट माणसाला मी आधी तेच सुचवतो. पण कवटीला भोक पाडायचं तर रक्त पातळ करायची गोळी थांबवावी लागते आणि मेटलच्या व्हॉल्व्हवर गोळी थांबवली की गुठळी व्हायची भीती. फोकस्ड अल्ट्रासाउंडचा, म्हणजे ध्वनिलहरी एकवटून तोच ठिपका जाळतात त्याचा, फायदा टेबलावरच दिसतो, पण तिथेही बहुतेक वेळा हीच अडचण. गामा नाईफमध्ये गोळी चालू ठेवता येते, म्हणून तुमच्या बाबांच्या बाबतीत नातेवाइकांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. मात्र एकाच बाजूचं करा, म्हणजे उजव्या हातासाठी मेंदूची डावी बाजू. दोन्ही बाजूंनी केलं तर बोलण्यावर आणि तोलावर परिणाम व्हायची शक्यता फार वाढते.

त्याआधी गोळ्या पूर्ण डोसपर्यंत नेल्या होत्या का ते न्यूरोलॉजिस्टना विचारा. प्रोप्रॅनोलॉल, प्रिमिडोन अर्ध्यातच सोडलेले पेशंट मी खूप बघतो. थायरॉइडही तपासा. आणि ज्या वाचकांच्या घरी पार्किन्सन आहे त्यांच्यासाठी: गामा नाईफनं थरथर कमी होऊ शकते, चालणं आणि मंदपणा नाही सुधरत.

बँकेचं म्हणाल तर सही जमत नसलेल्या खातेदाराला दोन साक्षीदारांसमोर अंगठा देता येतो, त्यातला एक बँकेचाच माणूस असावा लागतो. पण आयुष्यभर मुलांची अक्षरं सुधारलेल्या माणसाला अंगठा लावायला सांगणं मला जड जातं, म्हणून ही सोय त्यांना विचारूनच वापरा.

आज घरी एक करा. कोऱ्या कागदावर बाबांना उजव्या हातानं गोगलगाईसारखं वर्तुळ काढायला लावा, खाली सही, वर तारीख. उपचार केला तर दर महिन्याला तोच कागद. बदल इतका हळू येतो की घरात कोणाला आठवत नाही आधी कसं होतं, आणि फॉलोअपला डॉक्टरांना दाखवायला तो कागद फार कामाचा.